ड्यूकला थप्पड मारायचा मान

ब्रेझोव्ये गावच्या लेनार्टच्या घरात ड्यूकांची वंशावळ थपडांवर मोजली जायची. थोरल्या एकबर्टला लेनार्टच्या पणजोबांनी मारली. ती अगदीच हलकी बसली, कारण पणजोबांचा हात संधिवाताने आखडला होता. एकबर्टच्या मुलाला, हेन्रिकला, आजोबांनी मारली. हेन्रिकचा मुलगा बर्टोल्ड, त्याला लेनार्टच्या बापाने, येर्नेयने मारली. स्टर्नाउ घराण्यातला कुठला ड्यूक कुठल्या लढाईत जखमी झाला, कुणाची बायको कुठून आणली, कुणी कुठे मठ बांधून दिला, हे सगळं सांगायला मठातले साधू होते. ब्रेझोव्येच्या लोकांना कुणी कुणाला मारली एवढं ठाऊक असलं की पुरायचं.

कोरोतान देशाची रीतच तशी होती. नवा ड्यूक आधी शेतातल्या दगडापाशी यायचा, गादीवर बसणं त्याच्यानंतर. दगडावर एक शेतकरी पाय दुमडून बसलेला असायचा, आणि तो याच घरातला थोरला मुलगा असायचा. तो विचारायचा, जमलेले लोक उत्तर द्यायचे, मग तो ड्यूकच्या गालावर एक चापट द्यायचा आणि जागा मोकळी करायचा. त्याबदल्यात या घराला कर माफ होता. गावात दुसऱ्या कुणाला हे भाग्य नव्हतं, त्यामुळे लोक थोडे जळायचे आणि बराच अभिमानही बाळगायचे.

येर्नेय एका शरदात नाशपातीच्या झाडावरून पडून गेला. पुढच्या वसंतात ड्यूक बर्टोल्डही गेला, तापाने. दोघांचं वयही सारखंच होतं. त्यामुळे ज्याच्या दाढीचे केस अजून नीट भरले नव्हते त्या लेनार्टवर ही जबाबदारी येऊन पडली.

आता या लेनार्टची गंमत अशी, की त्याने आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता. बैल नांगरताना अडून उभा राहिला तर तो बैलाची मर्जी होईपर्यंत शेजारी उभा राहायचा. लोक म्हणायचे, लेनार्टचं शेत बैलच कसतो. त्याचा काका टोमाझ मोठ्या आवाजाचा, लाल चेहऱ्याचा माणूस होता. धाकटा म्हणून जन्मल्यामुळे दगडावर बसायचं आपल्या नशिबी नाही, याचं दुःख तो रोज संध्याकाळी नाशपातीच्या दारूत बुडवत असे. त्याने पुतण्याची तालीम घ्यायचं मनावर घेतलं. गोठ्यामागे दोघं उभे राहिले.

"मार," टोमाझकाका गाल पुढे करून म्हणाला.

लेनार्टने मारली.

"याला काय थप्पड म्हणतात? गालावरची माशीसुद्धा हलली नाही."

"काका, तुम्हाला कशी मारू?"

"मी ड्यूक आहे असं समज."

"ड्यूकला तरी कशी मारू? त्यानं माझं काय वाकडं केलंय?"

"अजून काही केलं नाही ना, म्हणूनच द्यायची. पुढं काही करायला निघाला की गाल आठवला पाहिजे त्याला. चल, परत मार."

आठवडाभर काकाचा गाल तसाच राहिला, लेनार्टच्या डोळ्यांत मात्र पाणी यायला लागलं. शेवटी टोमाझ वैतागला. "जा बाबा. त्या दिवशी त्याच्या गालाला लोणी लावून ये. अख्खा देश बघेल, येर्नेयचा मुलगा ड्यूकला कुरवाळतो ते."

हे वाक्य लेनार्टच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं.

तो दिवस उजाडला तेव्हा वारा झोंबरा होता. दगडाभोवती माणसांची दाटी झाली होती, गाड्या उभ्या होत्या, बायका पोरांना खांद्यावर घेऊन आल्या होत्या. लेनार्ट दगडावर बसला होता आणि खालून थंडी हाडात शिरत होती. समोरून बर्टोल्डचा मुलगा, धाकटा एकबर्ट, चालत आला. अंगात करड्या जाड्याभरड्या कापडाचा अंगरखा, कमरेला तांबडा पट्टा, डोक्यावर शेतकऱ्याची टोपी, हातात काठी. एका बाजूला ठिपक्यांचा बैल, दुसऱ्या बाजूला तशीच घोडी. मागे सरदार, त्यांच्या चिलखतांचा खणखणाट. एकबर्ट लेनार्टच्याच वयाचा होता. टोपी जरा मोठी झाली होती आणि सारखी डोळ्यांवर येत होती.

लेनार्टने विचारलं, "हा कोण येतोय असा तोऱ्यात?"

"देशाचा धनी येतोय," लोक म्हणाले.

"न्यायाने निवाडा करणारा आहे का? देशाचं भलं बघणारा आहे का? देवाधर्माला धरून वागणारा आहे का?"

"आहे, आणि राहील."

"मग मला या जागेवरून तो कुठल्या हक्कानं उठवणार?"

एक म्हातारा सरदार पुढे झाला. "हा बैल तुझा, ही घोडी तुझी, त्याच्या अंगावरचे कपडे तुझे. आणि तुझं घर करातून मोकळं."

आता हात उचलायची वेळ आली. लेनार्टच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: कुरवाळायचं नाही. त्याने डोळे मिटले आणि जी काय ताकद होती ती सगळी हातात आणली.

आवाज नदीपर्यंत गेला म्हणतात. एकबर्ट अर्धा फिरला, टोपी उडून चिखलात पडली. ओठातून रक्त आलं. मग मागच्या सरदारांपैकी कुणाची तरी तलवार म्यानातून सरकली. लेनार्ट दगडावरून उठायचंही विसरला होता. तो तोंड उघडं टाकून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

एकबर्टने मागे हात करून सरदारांना थांबवलं. ओठ पुसला, बोटावरचं रक्त बघितलं. एकबर्टला खोऱ्यातल्याच एका दाईने वाढवलं होतं, त्यामुळे इथली बोली त्याला येत होती. तो म्हणाला, "तुझ्या बापानं माझ्या बापाला अशीच मारली होती का?"

"नाही, धनी," लेनार्ट पुटपुटला. "त्यांना मारता यायची."

एकबर्टला हसू फुटलं, आणि हसताना ओठ दुखला म्हणून तो कळवळला. ते बघून लोकही हसले. चिखलातली टोपी त्याने स्वतःच उचलली, झटकली, आणि रिवाजाप्रमाणे तिच्यात झऱ्याचं पाणी घेऊन प्यायला. मग लेनार्टने मोकळ्या केलेल्या दगडावर चढून त्याने सरदाराकडून घेतलेली तलवार चारी दिशांना फिरवली. कोरोतानाला ड्यूक मिळाला.

गर्दी पांगायला लागली तेव्हा एक मुलगी लेनार्टपाशी येऊन उभी राहिली. पाणचक्कीवाल्याची येरा. केसांत पीठ, बाहीवर पीठ.

"हात दाखव," ती म्हणाली.

"का?"

"ड्यूकचा दात लागलाय तुला. रक्त येतंय. सगळे त्याच्याच ओठाकडे बघतायत, तुझं कुणाला काही आहे का?"

तिने आपल्या रुमालाची पट्टी फाडून त्याच्या बोटांना बांधली. दुसऱ्या वर्षी त्यांचं लग्न झालं. टोमाझकाका लग्नात नाचला आणि येईल त्याला सांगत सुटला, "मीच शिकवली त्याला. माझ्याच गालावर शिकला."

त्यानंतर एकबर्ट दरवर्षी माउलीच्या सणाला गोस्पा स्वेताच्या, म्हणजे पवित्र माउलीच्याच, देवळात यायचा तेव्हा वाट वाकडी करून ब्रेझोव्येला यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा येराच्या हातातलं ताटच पडायचं राहिलं. पुढे सवय झाली. घोडे कुंपणाशी बांधले जायचे, बरोबरचे लोक झाडाखाली पसरायचे, आणि ड्यूक घराबाहेरच्या बाकावर बसून गाल पुढे करून म्हणायचा, "बघ रे, अजून सुजलेला आहे का?" लेनार्ट दर वेळी लाजायचा. येरा वरईची पेज आणायची, वर मधाची धार. वाड्यावर हरणाचं मांस खाणारा तो माणूस वाडगं चाटूनपुसून साफ करायचा.

त्यांच्यात बोलणं काय व्हायचं? घोडीला शिंगरू झालं का, दंव लवकर पडलं का, नाशपातीच्या झाडावर कीड आली त्यावर काय केलं. राज्यकारभाराचं एकबर्ट क्वचितच काढायचा. पण कधीकधी काढायचा. मीठ वाहून नेणाऱ्या गाड्यांवरचा टोल कमी करावा का, असं त्याने एकदा लेनार्टला विचारलं. लेनार्टने बराच विचार केला आणि म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं, धनी. पण मीठ महाग झालं की येराचा स्वयंपाक मला आवडत नाही आणि मग ती माझ्यावर चिडते." टोल कमी झाला. तो त्यामुळेच झाला असं कुणी म्हणू नये, पण येरा शेवटपर्यंत तसंच म्हणायची.

लेनार्टला चार मुली झाल्या. नेझा, मग तीन आणखी. एकबर्टला एक मुलगा झाला, तो चालायला लागायच्या आत गेला. त्या वर्षी ड्यूक बाकावर बसला, पण गालाचं काही बोलला नाही. लेनार्ट शेजारी बसून शेंगा सोलत राहिला. थोड्या वेळाने एकबर्टने ओंजळभर शेंगा उचलल्या आणि तोही सोलायला लागला. त्याला ते जमत नव्हतं. दाणे जमिनीवर पडत होते आणि कोंबड्या ते खात होत्या.

या दोघांत एकदाच बिनसलं, ते कुरणावरून.

ग्लिना नदीच्या काठचं कुरण गावाचं होतं, सगळ्यांची गुरं तिथे चरायची. वरच्या गढीत ड्यूकचा मामेभाऊ डीटमार राहायचा. त्याने एका वसंतात कुरणाला कुंपण घातलं. त्याचे घोडे वाढले होते, त्यांना गवत हवं होतं, एवढंच त्याचं म्हणणं. गुराखी अडवायला गेले तर त्याच्या माणसांनी त्यांना काठ्यांनी पिटाळून लावलं. टोमाझकाका मध्ये पडला, त्याचा हात मोडला.

गाव लेनार्टच्या दारात आलं. "तुझ्याकडे येऊन पेज खातो ना तो? मग सांग त्याला."

लेनार्टने सणापर्यंत थांबायचं नाकारलं. बाकावर बसलेल्या पाहुण्याला हे सांगणं त्याला बरं वाटेना. ड्यूक उघड्यावरच्या दगडी आसनावर बसून लोकांचे तंटे ऐकायचा, तिथे तो सगळ्यांबरोबर रांगेत जाऊन उभा राहिला. त्याला बघून एकबर्टचा चेहरा उजळला.

"लेनार्ट, तू इथे? रांगेत कशाला?"

लेनार्टने टोपी काढली आणि कुरणाचं सांगितलं. डीटमार तिथेच, ड्यूकच्या उजव्या हाताला उभा होता. एकबर्टचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मी बोलतो डीटमारशी," तो म्हणाला. "तू घरी जा."

"बोलणं नको, धनी. निवाडा हवाय."

"मी सांगितलं ना, बघतो म्हणून."

लेनार्ट हलला नाही. "धनी, त्या दिवशी मी दगडावरून विचारलं होतं, न्यायानं निवाडा करणारा आहे का. तुम्ही त्याचं उत्तर दिलं नव्हतं. या लोकांनी दिलं होतं. तुमच्यासाठी ते बोलले. आता त्यांना खोटं पाडू नका."

डीटमार जर्मनमध्ये काहीतरी चिडून बोलला. एकबर्टने त्याच्याकडे बघितलं नाही, लेनार्टकडेही बघितलं नाही. समोरच्या डोंगराकडे बघत त्याने कोरड्या आवाजात निवाडा दिला: कुंपण काढावं, कुरण गावाचं, आणि ज्याचा हात मोडला त्याला डीटमारने भरपाई द्यावी. मग म्हणाला, "पुढचा."

कुंपण निघालं. टोमाझकाकाने भरपाईच्या पैशातून गावाला दारू पाजली, मोडका हात गळ्यात अडकवून. पण त्या सणाला ड्यूक ब्रेझोव्येला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घोड्यांच्या टापा लांबच्या वाटेने गेलेल्या ऐकू आल्या. मधाचं भांडं तसंच झाकून राहिलं.

"कुरण आलं, पाहुणा गेला," येरा म्हणाली.

"मी चुकलो का गं?"

"चुकला नाहीत. म्हणून तर त्याला एवढं लागलं."

लेनार्टला झोप लागेना. त्याने कुणाजवळ कबूल केलं नाही, पण त्याला त्या माणसाची आठवण यायची. कुरणात गुरं सोडताना यायची, शेंगा सोलताना यायची.

तिसऱ्या वर्षी गवत कापणी चालू होती. कुंपणाशी एकच घोडा थांबला. बरोबर कुणी नव्हतं. एकबर्ट उतरला, बाकावर बसला, टोपी शेजारी ठेवली. केस पांढरे व्हायला लागले होते.

"डीटमार अजून माझ्याशी बोलत नाही," तो म्हणाला.

दारात उभ्या येराने कमरेवर हात ठेवले. "मग कुणाशी तरी बोलायचं म्हणून इकडं आलात होय?"

"येरा, पेज आहे का?"

"आहे. गार आहे."

"चालेल."

लेनार्ट शेतातून विळा हातात घेऊन आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. पेजेचं वाडगं रिकामं करून एकबर्ट म्हणाला, "दुसरी थप्पड पहिलीपेक्षा जोरात बसली रे."

"ती मी मारली नाही, धनी. लोकांच्या शब्दाची होती ती."

"माहीत आहे. म्हणून तर यायला एवढा वेळ लागला."

वर्षं गेली. टोमाझकाका गेला, पाणचक्की येराच्या भावाकडे गेली, नेझाचं लग्न उर्बन नावाच्या धिप्पाड सुताराशी झालं आणि तो घरजावई म्हणून राहायला आला. एकबर्टला दुसरं मूल झालंच नाही. एका सणाला तो म्हणाला, "माझ्या मागं स्टर्नाउ संपलं. आजोबांच्या आजोबांनी उभं केलेलं घर."

"माझ्याकडेही सगळ्या मुलीच," लेनार्ट म्हणाला.

आतून येराचा आवाज आला. "मुलीच म्हणजे काय? चांगल्या चार मुली आहेत. तुमच्या दगडाला काय दाढी लागते का बसायला?"

एकबर्ट हसला. "येरा, एखादी मला दे. ड्यूक करून टाकतो."

"नेझाला घ्या. पण सांभाळून. दगडावरच्या माणसानं हात उचलला तर ती आधी त्याला लगावील."

तो त्याचा शेवटचा सण होता. हिवाळ्यात बातमी आली. लेनार्ट बर्फातून चालत गोस्पा स्वेताला गेला आणि देवळात मागे, खांबाला टेकून उभा राहिला. शवपेटी खाली उतरवल्यावर एका सरदाराने स्टर्नाउंची ढाल उंच धरली, सगळ्यांना दाखवली, उलटी केली आणि फोडली. तुकडे ड्यूकच्या थडग्यात टाकले. "आज स्टर्नाउ," तो मोठ्याने म्हणाला, "यापुढे कधीच नाही." ढालीवरचा निळा रंग लेनार्टने आयुष्यभर बघितला होता.

मग धन्याविना वर्षं आली. बिशप म्हणे माझं, डीटमार म्हणे माझं, शेजारचे राजे म्हणत आमचं. सैनिक येऊन डुकरं घेऊन जायचे आणि कुणाचे सैनिक तेही कळायचं नाही. शेवटी एकबर्टच्या बहिणीचा नातू, पर्वतापलीकडच्या घराण्यातला एमरिख, सगळ्यांना भारी पडला. त्याच्या वतीने एक कारभारी ब्रेझोव्येला आला. नीटनेटका, बोलायला मऊ.

"धन्यांना तुमचा रिवाज मान्य आहे," तो बाकावर बसून म्हणाला. "कपडे घालतील, बैल-घोडी आणतील, टोपीतून पाणी पितील. फक्त त्या चापटीचं. हात नुसता उचलावा, लावू नये. त्यांच्या मुलखातले पाहुणे येणार आहेत, त्यांना वेगळंच वाटेल."

"इथल्या लोकांना काय वाटेल?" लेनार्टने विचारलं.

"तुमचा कर माफ राहील. ते मी शब्द देऊन सांगतो."

"तो थप्पड मारल्याबद्दलच माफ आहे," येरा म्हणाली. "न मारता घेतला तर ती चोरी होईल. पेज घेणार का?"

कारभाऱ्याने पेज घेतली नाही.

दगडावर बसायचा दिवस आला तेव्हा लेनार्टचे गुडघे इतके दुखत होते, की उर्बनने त्याला उचलूनच वर बसवलं. समोरून एमरिख आला. वय कोवळं, चेहरा ताठ, ओठ घट्ट मिटलेले. त्याला इथला एक शब्द कळत नव्हता; कारभारी कानाशी पुटपुटत होता. लेनार्टने विचारायचं ते विचारलं, आवाज चांगला लागला. लोक म्हणाले, आहे आणि राहील. म्हातारा सरदार आता कधीच गेला होता; दुसऱ्याच कुणीतरी बैल, घोडी, कपडे, कर, सगळं सांगितलं.

आता हात उचलायचा आणि उठायचं.

लेनार्ट उठला नाही.

लोकांना वाटलं गुडघे धरले. उर्बन पुढे व्हायला लागला, तर लेनार्टने त्याला मान हलवून नको म्हटलं. कारभाऱ्याला वाटलं म्हातारा अडून बसलाय, अजून काहीतरी हवंय. एमरिखच्या कपाळावर थंडीतही घाम आला. लेनार्ट मात्र त्याच्याकडे बघतच नव्हता. तो त्या करड्या अंगरख्याकडे बघत होता. हा दगड सोडला की त्या जागी एमरिख उभा राहणार, चारी दिशांना तलवार फिरवणार, आणि मग एकबर्टचा काळ खरोखरच संपला. ढाल फोडली तेव्हाही तो संपला असं त्याला वाटलं नव्हतं. दगड मोकळा होता तोवर कुठेतरी थोडा उरला होता. आता तो संपवायचा होता, आणि तोही स्वतःच्या हाताने.

वारा वाहत राहिला. बैलाने शेण टाकलं. मग गर्दीतून येरा पुढे आली, पार दगडापर्यंत. तिने आवाज चढवला नाही.

"अहो," ती म्हणाली, "उठा आता. ते पोरगं कुडकुडतंय."

लेनार्टने पहिल्यांदाच एमरिखच्या तोंडाकडे नीट बघितलं. पोराचे ओठ निळे पडले होते. कधीपासून कुडकुडतोय कोण जाणे, पण ते मिटलेले ओठ गर्वाने मिटलेले नव्हते.

त्याने हात उचलला आणि चापट दिली. ना कुरवाळल्यासारखी, ना नदीपर्यंत ऐकू जाणारी. पुरती, सरळ, सगळ्यांना ऐकू आली अशी. पाहुण्यांमध्ये कुजबुज झाली. एमरिखने डोळे मिचकावले, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग लक्षात आलं की झालं, आता पुढचं. लेनार्टने उर्बनचा खांदा धरला आणि दगडावरून उतरला.

घरी जाताना तो गाडीत येराशेजारी बसला होता, नव्या घोडीच्या मागे.

"कसा वाटला?" येराने विचारलं.

"घाबरलाय. होईल बरा."

"एकबर्टसारखा?"

"नाही. पण बरा होईल."

तसाच झाला. एमरिखने डीटमारला आवरलं, रस्त्यावरचे लुटारू मोडून काढले, बोलीतले चार शब्द शिकला आणि ते चुकीचे उच्चारत राहिला. ब्रेझोव्येला तो कधी आला नाही, यायचं त्याला काही कारणही नव्हतं. कर माफ राहिला, कुरण गावाकडे राहिलं. लेनार्टनंतर दगडावर उर्बन बसेल हे कुळातल्या सगळ्यांनी मान्य केलं. नेझाने तर आधीच ठरवून टाकलं होतं.

लेनार्ट मात्र दर सणाला गोस्पा स्वेताला जायचा. देवळात एकबर्टच्या थडग्याशेजारी एक पायरी होती, तिच्यावर बसायचा आणि वर्षभराचं सांगायचा. घोडीला शिंगरू झालं, काळं आहे, चावतं. नाशपाती यंदा कमी. नेझाला पुन्हा मुलगी, येरा म्हणते उत्तम. देवळातला सेवक दोनदा म्हणाला, "बाबा, इथे प्रार्थना करतात." लेनार्टने उत्तर दिलं, "तुम्ही करा की. माझं झालं की उठतोच."

एका वर्षी त्याचे पाय पार गेले. सण आला तेव्हा तो अंथरुणावरून खिडकीकडे बघत पडला होता. येराने डोक्याला रुमाल बांधला, गाडीत बसली आणि एकटीच देवळात गेली. पायरीवर बसल्यावर तिला आधी संकोच वाटला. आजूबाजूला कुणी नाही बघून मग ती म्हणाली, "हे आले नाहीत, पाय चालत नाहीत. काळं शिंगरू आता मोठं झालं, अजून चावतंच. मीठ परत महाग झालंय, त्याचं काय ते वरती सांगून बघा. आणि हे जेवतात बरं. काळजी करू नका."